हतनूरच्या मंद वाऱ्यात कोणता काइट न्यावा

साक्रीजवळ ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरताना बघितल्या की वाटतं, खान्देशात वाऱ्याला काय तोटा? पण तो वारा डोंगरमाथ्यावरचा. खाली तापीच्या खोऱ्यात, जिथे काइटबोर्डिंगला, म्हणजे मोठ्या पतंगाच्या (काइटच्या) ओढीने बोर्डवर उभं राहून पाण्यावरून धावायला, लागणारं पसरट पाणी आहे, तिथे वर्षातला बराच काळ दुपारी झुळझुळ वाऱ्यावरच भागवावं लागतं. पावसाळ्यात वारा जोर धरतो, पण तेव्हा हतनूर धरणाच्या ४१ दरवाजांपैकी किती कधी उघडतील याचा नेम नसतो आणि पाण्याला ओढ असते. त्या दिवसांत तिथे उतरायचा विचारही करू नये. म्हणजे आपल्याकडे काइट उडवायचा तर मंद वाऱ्याशीच जमवून घ्यायला हवं. मार्चअखेर आम्ही हतनूरच्या बॅकवॉटरवर गेलो ते सात ते दहा नॉटमध्ये, म्हणजे ताशी तेरा ते अठरा किलोमीटरच्या वाऱ्यात, कोणत्या घडणीचा काइट खरा कामाचा हे बघायला.

सोबत मावसभाऊ होता. दोघंही रामेश्वरमला शिकलेलो, पण वजनात बराच फरक. त्यामुळे एकच काइट दोघांनी उडवला की त्याचा खरा अंदाज येत होता. गाडीत तीन काइट होते (मीटर म्हणजे इथे कापडाचे चौरस मीटर, आणि स्ट्रट म्हणजे कापड ताठ ठेवणाऱ्या फुगवायच्या आडव्या नळ्या): तीन स्ट्रटचा १७ मीटरचा फुगवायचा काइट, एका स्ट्रटचा ११ मीटरचा हलका काइट, आणि १५ मीटरचा बंद कप्प्यांचा फॉइल काइट. बोर्ड दोन, एक मोठा ट्विनटिप, म्हणजे दोन्ही टोकं सारखी असलेला सपाट बोर्ड, आणि एक हायड्रोफॉइल, म्हणजे खाली दांडीला पाण्यात चालणारे पंख असलेला बोर्ड.

भुसावळहून मुक्ताईनगरच्या रस्त्याला लागायचं, वरणगावच्या पुढे बॅकवॉटरकडे वळायचं. आम्ही धरणाच्या भिंतीपासून लांब, दक्षिणेकडचा काठ धरला. त्या दिवसांत दुपारचा वारा वायव्येकडून येत होता, म्हणजे पाण्यावरून तिरपा काठाकडे. काही बिघडलं तरी माणूस वाहत काठाला लागतो. उत्तरेच्या काठावरून उतरलात तर हाच वारा तुम्हाला पाण्याच्या मध्यावर नेईल. मंद वाऱ्यात काठ निवडणं हे काइट निवडण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

सकाळी लवकर पोचून उपयोग नाही. काठावर गाळपेर जमिनीत टरबुजाचे वेल सांभाळत एक आबा बसले होते. आमचं सामान बघून त्यांनी आधी पाणी दिलं, मग म्हणाले, "चार वाजू द्या भाऊ, वारा येईनच. आणि तिकडच्या अंगाला नका जाऊ, खाली बाभळी बुडेल आहेत." दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. तोवर आम्ही बांधापलीकडच्या केळीकडे बघत होतो. पान नुसतं डुलतंय तोवर पंप हातातही घेऊ नका. पानाच्या फाटलेल्या पट्ट्या सतत फडफडायला लागल्या आणि पाण्यावर बारीक सुरकुती सगळीकडे सारखी दिसली की आमच्या हातातल्या मीटरवर सात-आठ नॉट येत होते. मात्र शेताच्या पश्चिमेला वारा अडवायला शेवरी लावलेली असेल तर त्या केळीवर विश्वास ठेवू नका.

आता वाऱ्याचं गणित. काइटची ओढ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. सोळा नॉटचा वारा आठवर आला की ओढ निम्मी होत नाही, एक चतुर्थांश उरते. त्यात आपल्याकडचं ऊन. ४२ अंशांची हवा २० अंशांच्या हवेपेक्षा साधारण सात टक्क्यांनी विरळ असते, तेवढी ओढ आणखी घटते. गोव्यात आठ नॉटला चाललेलं सामान भुसावळच्या उन्हात त्याच आठ नॉटला लंगडं पडतं ते यामुळेही. यावर सगळ्यांना सुचणारा उपाय म्हणजे मोठा काइट.

म्हणून १७ मीटरचाच पहिल्यांदा काढला. हवेत असताना तो छान ओढतो, दहा नॉटला मोठ्या ट्विनटिपवर मावसभावाला उभं करून वाऱ्याच्या उगमाकडेही तिरपं नेलं. पण तो वळतो सावकाश. मंद वाऱ्यात ओढ येते ती काइट स्वतः हवेत फिरल्यामुळे. तो फिरला की त्याला लागणारा वारा वाढतो. जड काइट वेगाने फिरत नाही, म्हणजे मोठं कापड असूनही अर्धी ताकद वाया. आणि वारा सातवर आला की तो आपल्याच वजनाने मागे पडायला लागतो. जाड लीडिंग एज (पुढच्या कडेची फुगवलेली नळी) आणि तीन स्ट्रट घेऊन पाण्यावर पालथा पडला की तेवढ्या वाऱ्यात उठत नाही. आम्ही लाइन, म्हणजे काइटच्या दोऱ्या, ओढून, पोहत मागे सरकून सगळं केलं. शेवटी एक झुळूक येईपर्यंत वाट बघावी लागली.

इथेच माझं मत पक्कं झालं. काइट किती कमी वाऱ्यात उडतो हे सगळे विचारतात. किती कमी वाऱ्यात पाण्यावरून परत उठतो हे विचारा. फ्रान्समधल्या ब्रुनो आणि डॉमिनिक लगेन्यू या भावांनी १९८४ मध्ये फुगवायच्या नळीच्या काइटसाठी पेटंटचा अर्ज केला, तेव्हा त्यांच्यापुढे प्रश्न हाच होता: काइट पाण्यात पडला तर पुन्हा उठवायचा कसा.

११ मीटरच्या एका स्ट्रटच्या काइटचं वजन कमी. ओझोन अल्फा किंवा नेश बॉक्सर याच जातीचे. ट्विनटिपवर आठ नॉटला तो माझ्यासारख्या मध्यम वजनाच्या माणसालाही पुरत नाही, हे स्पष्ट सांगतो. पण पायाखाली मोठ्या पुढच्या पंखाचा हायड्रोफॉइल आला की सगळं बदलतं. बोर्ड पाण्यावरून उचलला गेला की घर्षण जवळपास संपतं, थोडी ओढही पुरते. बोर्ड उचलेपर्यंत काइट खाली-वर जोरात फिरवायचा, आणि हा हलका काइट तसा फिरतो. एकदा वर आलात की वेगामुळे काइटला लागणारा वारा आपोआप वाढतो. बार, म्हणजे काइट चालवायचा हातातला दांडा, मात्र पोटाशी ओढून धरू नका. मंद वाऱ्यात घाबरून सगळे तेच करतात. मग काइटची मागची कड लटपटते, तो मागे सरकतो आणि पडतो. बार थोडा सोडला की पुढे झेपावतो. पडला तरी सात नॉटला एका कडेवर फिरून, अंगावरचं पाणी निथळवत तो उठला. अडचण आहे ती हायड्रोफॉइल शिकण्याची. आधी कुठेतरी खोल, मोकळ्या पाण्यात, शिक्षकासोबत शिका.

फॉइल काइट म्हणजे पॅराग्लायडरसारखा, नळ्या नसलेला, हवेने भरणारे कप्पे असलेला. फ्लायसर्फर सोल, ओझोन क्रोनो हे बंद कप्प्यांचे. आत शिरलेली हवा झडपांमुळे सहज बाहेर पडत नाही. कमी वाऱ्यात हवेत टिकण्याच्या बाबतीत यांना तोड नाही. मीटरवर पाच दिसत असतानाही आमचा १५ मीटरचा डोक्यावर शांत उभा होता. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या काइट शर्यती मार्सेयच्या समुद्रात फॉइल काइट आणि हायड्रोफॉइलवरच झाल्या. पण तिथे मागे बचावाच्या बोटी असतात. हतनूरवर तुमच्यामागे कोणी नाही. या काइटला ब्रायडलच्या दोऱ्यांचं जाळं असतं. काठावर सराटे आणि बाभळीचे काटे सगळीकडे. दोरीत एक काडी अडकली तरी काइट वाकडा उडतो, कापड काट्यावर ओढलं तर सरळ फाटतं. आम्ही मोठी ताडपत्री अंथरूनच तो उघडला, तरी मावसभाऊ दोऱ्यांतून सराटे वेचत बसला. पाण्यात पडल्यावर मागच्या लाइन ओढून त्याला उलटा उठवावा लागतो, आणि जास्त वेळ पडून राहिला तर पाणी शिरून जड होतो.

उघड्या कप्प्यांचा किंवा फ्लायसर्फर पीकसारखा एका कापडाचा काइट स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊन येऊ नका. ते मुख्यतः जमिनीसाठी, बर्फासाठी. पाण्यात पडले की संपलं.

सूर्य खाली गेला आणि वारा दहा मिनिटांत बसला. मावसभाऊ फॉइल काइटवर, मी ११ मीटरच्यावर, दोघंही काठापासून लांब होतो. माझा काइट पडला, लाइन बारवर गुंडाळत मी काइटपर्यंत पोचलो, एक टोक धरून तो शिडासारखा उभा केला आणि उरल्यासुरल्या हवेवर तरंगत निघालो. मावसभावाला तेवढ्याच पाण्यात काइट टोकाकडून गुंडाळावा लागला, गळ्यात दोऱ्या येणार नाहीत याची काळजी घेत बोर्डवर पोटावर पडून पोहावं लागलं. तो माझ्यापेक्षा चांगला पोहतो, तरी बऱ्याच उशिरा काठाला लागला. एकट्याने जाणार असाल, किंवा नवीन असाल, तर एका स्ट्रटचा काइट आणि हायड्रोफॉइल हाच माझा सल्ला. फॉइल काइट दोघं असताना, वारा बसायच्या अर्धा तास आधी काठाला येण्याची शिस्त असेल तरच.

वजन ऐंशीच्या वर असेल तर ११ ऐवजी १३ घ्या. १७ च्या वाटेला जाऊ नका. थोड्या लांब लाइन जोडल्या तर काइटला फिरायला जागा मिळते आणि वरचा जरा जोरकस वारा लागतो. उठवताना मात्र वेळ जास्त लागतो.

फुगवलेला काइट उन्हात ठेवू नका. आतली हवा तापून ब्लॅडर (नळीच्या आतली हवेची पिशवी) ताणतो, झडपेचा डिंक सुटतो. थोडी हवा कमीच भरा. आणि काठावर काइट डोक्यावर धरून गप्पा मारत उभं राहू नका. तापलेल्या काळ्या रानातून वावटळ कधीही उठते. धुळीचा खांब दिसला की काइट लगेच खाली आणि माणूस त्यापासून दूर. एप्रिल-मेमध्ये ढग दाटले आणि वारा अचानक थांबला तर सामान आवरा. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागा ज्या अवकाळी वादळांत आडव्या होतात, ती अशीच येतात.

काठाला मोटारींसाठी आलेल्या विजेच्या तारा असतात. वारा तुम्हाला जिकडे नेईल त्या बाजूला त्या येत असतील तर ती जागा सोडा. हायड्रोफॉइलला कमरेच्या वर पाणी हवं आणि खाली जाळी, खांब, झाडं नकोत, म्हणून मासेमारी करणाऱ्यांना विचारल्याशिवाय उतरू नका. दोरी कापायची चाकू हार्नेसवर (काइट अडकवायच्या कमरेच्या पट्ट्यावर) हवीच. धरण पाटबंधारे खात्याचं आहे, तेव्हा आधी शाखा कार्यालयात विचारून घ्या. भिंत आणि दरवाजांच्या जवळपासही जाऊ नका. गाळपेरातून जाताना वेल तुडवू नका.

थंडीत तिथे जाऊ नका. नोव्हेंबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत हतनूर स्थलांतरित बदकांचं असतं, आणि डोक्यावर मोठा काइट आला की थवेच्या थवे उठतात. उन्हाळ्यातही उघड्या पडलेल्या बेटांपासून लांब राहा, तिथे सुरय आणि टिटव्यांची अंडी असतात. दिवसभराचं पिण्याचं पाणी घरून न्या. जेवण वरणगावला किंवा भुसावळला. शेवभाजी-भाकरी पोटभर खायची ती काइट आवरल्यावर, आधी नाही.