पवनी ते नवेगावबांध: कुत्र्याला घेऊन पाण्याकाठची भटकंती

माझा साळा गुहागरला नोकरीला आहे. समुद्रावर कुत्री येऊ द्यावीत की नाही, यावरून त्याचं शेजाऱ्याशी कायम वाजतं आणि मग फोनवर माझ्याशी. त्याचा मुद्दा कासवांचा. नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले मादी रात्री वाळूत अंडी घालून जाते, आणि कुत्री-कोल्हे ती उकरून खातात. म्हणून तर कोकणातल्या वेळास गावी 2002 पासून अंडी उचलून कुंपणात ठेवायची पद्धत सुरू झाली. शेजाऱ्याचं म्हणणं, माझा कुत्रा पट्ट्याला बांधलेला असतो, तो कशाला कासवाच्या वाटेला जाईल? मी मध्ये बोललो की साळा म्हणतो, "भाऊजी, तुमच्याकडे समुद्र तरी आहे का?"

नाही. पण वैनगंगेची रेती आहे, मामा तलाव (मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातले) आहेत, घाट आहेत. आणि आमच्याकडे बंडू आहे. बंडू म्हणजे लॅब्रेडोर, म्हणजे पाणी दिसलं की याच्या डोक्यातलं बाकी सगळं बंद. फेब्रुवारीत त्याला घेऊन आम्ही नवरा-बायको नागपूरहून भंडारा जिल्ह्यातल्या पवनीमार्गे गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधला जाऊन आलो. मागून कोणी जाणार असेल तर कामी यावं म्हणून लिहितो आहे. काठावर कुत्रा न्यावा की नाही, याचं माझं उत्तर ओघात येईलच.

आधी वेळ. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, बस. मार्चच्या मध्यापासून दुपारची रेती माणसाला चप्पल काढू देत नाही, कुत्र्याचे पंजे काय टिकणार. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा लॅब्रेडोरसारख्या दाट केसाच्या कुत्र्याला गाडीतून फिरवणं म्हणजे जिवाशी खेळ. गाडी स्वतःची हवी. रेल्वेत कुत्रा एसी फर्स्टची आख्खी केबिन किंवा कूपे घेतला तरच सोबत बसतो, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पिंजऱ्यात; गोंदिया-बल्लारशा लाइनवरच्या पॅसेंजरचा त्यासाठी उपयोग नाही.

नागपूर-उमरेड-भिवापूर-पवनी हा रस्ता साधारण 80 किलोमीटरचा. भिवापूरला मिरची घ्या (जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली हीच ती), पण पिशवी डिक्कीत नीट बांधून ठेवा. उमरेडच्या पुढे कऱ्हांडला अभयारण्याचा भाग लागतो. तिथे कुत्र्याला मुतायला उतरवू नका, याचं कारण खाली येतं.

पवनीचे घाट पाहण्यासारखेच आहेत, आणि नेमकं तिथेच कुत्रा नेऊ नये. आम्ही पोचलो तेव्हा पायऱ्यांवर एका घरचा दहावा चालू होता. पिंड मांडलेले, घरची माणसं हात जोडून कावळ्याची वाट पाहत उभी. चार पायऱ्या वर बाया धुणं धूत होत्या. एक म्हातारबा आमच्याकडे वळून हळूच म्हणाले, "त्याले वरतंच धरून ठेवा जी, पिंडाले तोंड लावंल." ना राग, ना आवाज चढवणं. आता सांगा, याला कुठला कायदा लावणार? दत्ताच्या पायाशी कुत्री असतात, खंडोबाच्याही. गावात कुणाला कुत्र्याचा विटाळ नव्हता. पण कावळ्याने शिवायच्या आधी कुत्र्याने पिंड खाल्ला तर त्या घराला तो घोर वर्षभर पुरतो. माझी बायको बंडूला घेऊन वर झाडाखाली थांबली, मी एकटा खाली जाऊन आलो. घाटावर असंच करा, एकाने धरायचं आणि एकाने बघायचं.

रेतीवर मात्र जाता येतं, घाटापासून लांब. इथे दोन-तीन गोष्टी सांगायलाच हव्यात. पवनीच्या वरच्या अंगाला गोसीखुर्दचं धरण आहे, 33 दरवाज्यांचं. विसर्ग वाढला की सकाळी कोरडा असलेला पट्टा दुपारी पाण्यात असतो, म्हणून पाण्याच्या मधल्या रेतीवर जाऊन बसू नका आणि भोंगा ऐकू आला तर वाद न घालता वर या. दुसरं, रेती उपशाचे खड्डे. वरून पाणी गुडघाभर दिसतं आणि पुढच्या पावलाला पुरुषभर खोल. पोहणारा कुत्राही घसरत्या कडेवरून वर येऊ शकत नाही, आणि त्याला काढायला उडी मारणारा माणूस तर नाहीच. म्हणून लांब दोरी लावल्याशिवाय पाण्यात सोडू नका. तिसरं, नदीचं पाणी त्याला पिऊ देऊ नका. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि तिथून गोसीखुर्दच्या जलाशयात येतं. आम्ही नागपूरकरांनी त्याबद्दल नाक मुरडायचं कारण नाही, ते आमच्याच घरचं आहे. पाच-पाच लिटरचे दोन कॅन घरून भरून घ्या.

आणि याच रेतीवर डांगरवाड्या असतात. नदी उतरली की ढिवरांची, म्हणजे मच्छीमारांची कुटुंबं पात्रात खड्डे करून, खत घालून टरबूज, डांगर, काकडी लावतात. वाडीला झोपडी, आणि झोपडीपाशी कुत्रा हा असतोच. कोल्हे आणि रानडुकरं हाकलायला तो पाळलेला आहे. त्याला 'भटका' म्हणायची सोय नाही, तो ड्यूटीवर आहे. परका कुत्रा आला की तो भुंकणारच, धावून येणारच, आणि अशा वेळी चूक आपल्या पाहुण्याची असते. आम्ही वाडीच्या लांबून वळसा घेतला. वाडीवरच्या बाईने तिचा कुत्रा आवरला आणि विचारलं, "एवढ्या कुत्र्याले खायाले काय घालता जी?" आम्ही सांगितलेला महिन्याचा खर्च ऐकून ती जे हसली, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

रेतीवरचे दुसरे रहिवासी दिसत नाहीत, तीच खरी अडचण आहे. फेब्रुवारी-मार्चपासून नदी सुरय, छोटा आर्ली, टिटवी हे पक्षी उघड्या रेतीत अंडी घालतात. घरटं म्हणजे नुसता खळगा, अंडी रेतीच्याच रंगाची. कासवाची अंडी निदान हातभर खाली असतात, ही तर उघड्यावर. कुत्र्याने खाल्ली नाहीत तरी नुसता धावत गेला की पक्षी उठतात, आणि उठलेला पक्षी परत येईपर्यंत अंडी उन्हात भाजतात. डोक्यावर पक्षी किंचाळत घिरट्या घालू लागले तर समजा, तुम्ही त्यांच्या अंगणात उभे आहात. आलात त्याच पावलांनी मागे फिरा. साळ्याचा मुद्दा मला गुहागरला पटला नव्हता, वैनगंगेत पटला.

पवनीहून लाखांदूर, अर्जुनी मोरगाव करत नवेगावबांध. रस्ता काही ठिकाणी बरा, काही ठिकाणी रामभरोसे, पण दोन्ही बाजूंनी धानाची बांधी (भातखाचरं), बोड्या (लहान तळी) आणि तलाव लागत राहतात. हे माजी मालगुजारी तलाव, म्हणजे आपले मामा तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत ते हजारोंनी आहेत, आणि यातले बरेच कोहळी समाजाने बांधले. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांनी घातला असं सांगतात. कुत्रेवाल्यांनी मात्र मोठ्या तलावाची आशा धरू नये. नवेगाव-नागझिरा 2013 पासून व्याघ्र प्रकल्प आहे, आणि उद्यानात पाळीव जनावर नेता येत नाही. गेटवर गयावया करू नका, गाडीत कोंडून आत नेण्याचा तर विचारही नको.

हा नियम मला शंभर टक्के मान्य आहे. 2018 च्या सप्टेंबरमध्ये गीरच्या जंगलात वीसहून जास्त सिंह मेले, आणि त्यांच्यात कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला. हा मुळात कुत्र्यांमध्ये फिरणारा आजार. आपल्या कुत्र्याला लस दिलेली असेलही, पण वाघाला दिलेली नाही. म्हणून जंगलाच्या कडेला उतरवायचं नाही, विष्ठा टाकून यायचं नाही. बिबट्याचं तर सांगायलाच नको. कुत्रा ही त्याची आवडती शिकार, आणि रात्री अंगणात बांधलेला कुत्रा म्हणजे त्याला वाढलेलं ताट. मुक्कामी बंडू आमच्या खोलीत झोपला. मुक्कामाची जागा ठरवताना कुत्रा आत झोपू देतात का, हे फोनवरच स्पष्ट विचारून घ्या. "हो, चालते ना" याचा अर्थ पुष्कळदा "अंगणात चालते" एवढाच असतो.

मग बंडूने पाणी पाहिलं कुठे? अर्जुनीच्या अलीकडच्या एका गावतलावावर. नाव मुद्दाम देत नाही, उद्या तिथे दहा गाड्या उभ्या राहतील. पारीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, एक मच्छीमार तंगूसाचं (नायलॉनचं) जाळं निवडत बसले होते. तलाव मच्छीमार संस्थेकडे असतो, त्यामुळे विचारायचं असेल तर यांनाच विचारायचं. त्यांनी एका दमात सगळं सांगितलं: "पारीवर फिरवा जी, काई हरकत नाई. पर त्या आंगाले नोका जाऊ, तिकडं बदकं बसलेत. एकडाव उडले का मंग चार रोज येत नाईत. अन् पोहवाचं असंल त म्हशी जेथी उतरतेत, तेथी उतरवा."

इतका नेमका नियम मी कुठल्याही फलकावर वाचलेला नाही. कुठे, कुठे नाही आणि का, तिन्ही आलं. त्या अंगाला खरोखरच तलवार बदकं होती आणि अडई बदकांचा थवा. म्हशींच्या उताराकडे बंडू लांब दोरीवर मनसोक्त डुंबला, बदकं हलली नाहीत. म्हशी आधीच बाहेर पडलेल्या होत्या; लहान वगार सोबत असलेली म्हैस पाण्यात असेल तर थांबा, ती कुत्र्याला शिंगावर घेते. काठाजवळ जुनी जाळी आणि गळ पडलेले असतात, तेही बघून घ्या. आणि पाण्यावर हिरवी साय धरलेली दिसली तर पाय बुडवू देऊ नका, त्यातलं शेवाळ विषारी असू शकतं आणि कुत्रं अंग चाटतंच.

परतीच्या वाटेवर माझा आणि बायकोचा वाद झाला तो याच्यावरच. तिचं म्हणणं, सरसकट बंदी परवडली. प्रत्येक जण काही मच्छीमाराला विचारत बसणार नाही, पोट्टे कुत्रा सोडून रील काढत बसतील. तिचं चुकतं असं मी म्हणणार नाही. पण बंदी घालणार कुणावर? डांगरवाडीच्या कुत्र्यावर? पारीवर झोपणाऱ्या गावच्या कुत्र्यांवर? ती कुठे जाणार? सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर 2025 मध्ये शाळा, दवाखाने, बसस्टँड, रेल्वे स्टेशन इथून मोकाट कुत्री हलवायला सांगितलं, तेवढ्यावरच किती खल चालला आहे ते आपण पाहतोच. इंग्लंडात कित्येक स्नानाच्या किनाऱ्यांवर मे ते सप्टेंबर कुत्र्यांना मनाई आणि बाकीचे महिने मोकळीक असते. मला हा हिशोब आवडतो, फक्त आपल्याकडे तो काठागणिक वेगळा मांडावा लागेल. तलावावर हिवाळ्यात बदकांचा काठ वर्ज्य. नदीच्या रेतीवर फेब्रुवारीनंतर वर्ज्य. आणि धानाच्या बांधीत पावसाळाभर वर्ज्य, कारण गोंदियाकडे सारस तिथेच घरटं करतो, परसवाडा-झिलमिलीच्या बाजूला तर शेतकरी ती घरटी जपतात. घाट बाराही महिने नाही, जंगल बाराही महिने नाही. उरलं काय? म्हशींचा उतार आणि पार. एका कुत्र्याला तेवढं पुष्कळ झालं. हे ग्रामसभेने ठरवावं आणि पारीवर दोन ओळीत लिहावं. वनखात्याची किंवा कलेक्टरची वाट पाहायची गरज नाही.

आता राहिलेलं. रेबीजची लस अद्ययावत हवी, सोबत लेप्टोचीही, कारण उंदरांच्या मुतामुळे दूषित पाण्यातून तो आजार येतो. लसीचं पुस्तक गाडीतच ठेवा. तालुक्याला पशुवैद्यकीय दवाखाना असतो, पण सकाळी गाठलात तर बरं. गावची कुत्री टोळीने आली तर काठी हातात असू द्या, उगारू नका, पळू तर नकाच. माणसाला कुत्रा चावला, अगदी ओरखडा आला, तरी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि थेट ग्रामीण रुग्णालय गाठा. कुणी चुना-मिरची लावायला आलं तर नमस्कार करून निघा.

संध्याकाळनंतर शेताच्या बांधावरून कुत्रा फिरवू नका. रानडुकरांसाठी काही जण कुंपणाच्या तारेत करंट सोडतात. बेकायदा आहे, पण चालतं, आणि त्यात वाघसुद्धा मेलेले आहेत. ढाब्यावर त्याच्यासाठी साधा भात मागा. कांदा-लसणाचा रस्सा कुत्र्याला बाधतो, सावजीचं हाड तर नकोच.

परत येताना कोहमाऱ्याहून हायवे 53 धरला. या रस्त्याच्या उत्तरेला नागझिरा, दक्षिणेला नवेगाव; जंगलाच्या पट्ट्यात गाडी थांबवू नका, थेट साकोलीत थांबा. तिथे चहा पिता पिता बंडूच्या कानामागे, बोटांच्या बेचक्यात आणि शेपटीखाली गोचिडं तपासली. चार निघाली. हाताने चिरडू नका, चिमट्याने मुळापासून ओढा आणि स्पिरिटच्या बाटलीत टाका. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत कुत्रा जेवायचा थांबला, लघवी गडद झाली किंवा हिरड्या पांढऱ्या पडल्या तर डॉक्टरला 'गोचिडताप बघा' असं आपणच सांगा.