गार्ड आला, भिंत मात्र चारच फुटांची

माझी पत्नी जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात दिवाणी न्यायाधीश आहे. एका सकाळी सरकारी निवासस्थानाच्या अंगणात दगडाला गुंडाळलेली चिठ्ठी पडली होती. एका खटल्याचा उल्लेख, धमकी आणि खाली आमच्या मुलीच्या शाळेचं नाव.

तिनं मला चिठ्ठीला हात लावू दिला नाही. चिमट्यानं उचलून पिशवीत ठेवली आणि तासाभरात प्रधान जिल्हा न्यायाधीशांना लेखी कळवलं. तिथून पत्र पोलीस अधीक्षकांकडे गेलं. रात्रीपासून गस्त सुरू झाली. दोन दिवसांनी जिल्हा विशेष शाखेचे हवालदार आले. दूध कोण घालतं, मागच्या दाराला कडी आहे की कुलूप, मॅडम फिरायला किती वाजता जातात?

फिरण्याचं विचारल्यावर आम्ही दोघं गप्प झालो. २८ जुलै २०२१ ला झारखंडमधल्या धनबादचे न्यायाधीश उत्तम आनंद सकाळी फिरायला निघाले असताना रिक्षानं त्यांना उडवलं होतं. २०२२ मध्ये दोघांना जन्मठेप झाली, पण न्यायाधीश आनंद परत आले नाहीत. त्या दिवसापासून तिचं तापीकडच्या रस्त्यावर फिरणं बंद झालं.

आठवडाभरात बंदूकधारी गार्ड मिळाला. पहिल्याच रात्री मुलीला झोप येईना, तेव्हा गार्ड दाराबाहेरून अहिराणीत म्हणाले, "मी शे ना, बेटा." ती झोपली. शेजाऱ्यांनी विचारलं, "याचे पैसे तुम्ही भरता का?" नाही, सरकार भरतं, आणि ते योग्यच आहे. धमकी तिच्या खुर्चीला होती. खुर्ची लोकांची आहे.

अडलं ते भिंतीपाशी. गार्ड पोलिसांचा विषय, कुंपण आणि कॅमेरे सार्वजनिक बांधकाम खात्याचा, हे आम्हाला फार उशिरा कळलं. आम्ही महिनाभर एकाच पत्राच्या भरवशावर बसलो होतो. मग वेगळा अर्ज, मोजमाप, इस्टिमेट, मंजुरी, आणि 'निधी आला की करू' हे उत्तर. एका टेबलावर तर पत्रच हरवलं. मी शिक्षक आहे, सुट्टी टाकून चार खेपा घातल्या. ज्यांच्यावर अशी वेळ येईल, त्यांनी पहिल्याच दिवशी दोन पत्रं द्यावीत आणि दोन्हींची पोच घ्यावी. कॅमेऱ्यांबरोबर इन्व्हर्टरही मागावा. आमच्याकडे उन्हाळ्यात वीज दुपारीच जाते.

भिंत सात फुटांची व्हायला पाच महिने लागले. तोवर त्या खटल्याचा निकाल तिनं देऊन टाकला होता.