कळसूबाईला जायचंय? आधी शिड्यांची वेळ ठरवा

कळसूबाई 1646 मीटर उंच. महाराष्ट्रात याहून उंच काही नाही, आणि तरीही ही वाट अवघड नाही. पायथ्याच्या बारी गावातून शिखरापर्यंत चढ साधारण 900 मीटरचा. पुणेकरांना सांगायचं तर आतकरवाडीतून सिंहगड दीड वेळा चढण्याइतका. कड्याच्या जागी लोखंडी शिड्या आणि रेलिंग आहेत, वाट मळलेली आहे, चुकायला फारशी जागा नाही. इथे बेत फसतो तो गर्दीमुळे, म्हणून मी तारीख ठरवण्याआधी शिडीवर किती वाजता पोहोचणार ते ठरवतो.

गर्दी होते कशी ते आधी बघा. मुंबईकर रात्री उशिराची लोकल पकडून मध्यरात्रीनंतर कसाऱ्याला उतरतात आणि तिथून जीपने घोटीमार्गे बारीला येतात. पुण्या-मुंबईच्या ग्रुपच्या बसही ऑफिस सुटल्यावर निघून साधारण त्याच सुमाराला गावात शिरतात. चहा-पोहे होऊन सगळे तीन-चारच्या दरम्यान एकदमच चढायला लागतात, त्यामुळे सूर्योदयाच्या आसपास सगळे एकदमच शिड्यांपाशी. शिडीवर एका वेळी एकच रांग चालते. वरचे उतरायला लागले की खालच्यांनी थांबायचं. त्यात एखादा मधल्या पायरीवर घाबरून थबकला की मागची सगळी रांग ओल्या अंगाने वाऱ्यात उभी राहते. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी शिखरासाठी राखलेला वेळ इथेच संपतो.

म्हणून माझं पहिलं सांगणं : शक्य असेल तर मधल्या वारी जा. ते जमत नसेल तर आदल्या संध्याकाळी बारीत मुक्काम करा. गावात घरगुती जेवणाची आणि झोपायची सोय होते, फक्त आधी फोन करून माणसांचा आकडा कळवा. सूर्योदय हवाच असेल तर त्याच्या साडेचार तास आधी गाव सोडा. चढायला तीन ते चार तास लागतात, त्यात अर्ध्या तासाची सवलत धरून हा हिशोब आहे. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे निघायचं अडीचला. सूर्योदयाचा हट्ट नसेल तर हिवाळ्यात एक फार चांगला पर्याय आहे आणि तो कुणी वापरत नाही. साडेदहाला निघा. पहाटेची गर्दी तोवर बरीचशी उतरलेली असते. दोनपर्यंत माथा, अडीचला परत आणि अंधाराच्या आत गाव. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरात मात्र हा पर्याय नको. दुपारनंतर वळिवाचे किंवा परतीचे ढग जमतात, आणि वीज कडाडत असताना उघड्या कड्यावरच्या लोखंडी शिडीला हात लावणं जिवावर बेतू शकतं. त्या महिन्यांत बारा वाजेपर्यंत उतरतानाची शेवटची शिडी मागे पडलेली असली पाहिजे.

पोहोचण्याबद्दल थोडक्यात. रेल्वेने जवळचं मोठं स्टेशन इगतपुरी. घोटीहून भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या एसटीने बारीला उतरता येतं. पुण्याकडून संगमनेर, अकोले, राजूर असं यायचं. परतीच्या एसटीची वेळ चढण्याआधीच गावात विचारून घ्या.

गाव सोडलं की भातखाचरं आणि ओढा. मुसळधार पावसात ओढ्याला जोर असेल तर पाणी ओसरेपर्यंत थांबायचं. पुढे खालचं कळसूबाईचं देऊळ लागतं. ज्यांना वर जाणं होत नाही ते इथेच दर्शन घेतात. बहुतेक जण आपली चाल बिघडवतात ती या पहिल्या तासात. अंगात जोर असतो, गप्पा चालू असतात, आणि पहिल्या शिडीपाशी मांड्या भरून येतात. बोलताना दम लागत असेल तर वेग कमी करा.

शिडीचे माझे नियम ठरलेले आहेत. दोन्ही हात मोकळे, काठी सॅकला बांधलेली, मोबाइल खिशात. उतरताना तोंड शिडीकडे. पोंचोचं, म्हणजे डोक्यावरून घालायच्या सैल रेनकोटचं, टोक वाऱ्याने उडून पायाखाली येतं, म्हणून कमरेला दोरी बांधा किंवा सरळ रेनजॅकेट घ्या. छत्रीचा वर काही उपयोग नाही. बॅटरी डोक्याला लावायची हवी, कारण मोबाइलचा टॉर्च धरला की एक हात अडकतो.

बूट नवे नकोत आणि तळ झिजलेलेही नकोत. इथली तांबडी माती पावसात साबणासारखी होते, आणि कातळावरच्या शेवाळावर गुळगुळीत तळ टिकत नाही. पाणी उन्हाळ्यात माणशी तीन लिटर, एरवी दोन. शेवटच्या शिडीखाली विहीर आहे, पण उन्हाळ्याअखेर तिच्यावर विसंबू नका. वाटेत सरबत, ताक, भजी मिळतात ती मुख्यतः सुट्टीच्या दिवशी, मधल्या वारी टपऱ्या बंद असू शकतात. गूळ-शेंगदाणे आणि मीठ-साखरेची पुडी सोबत ठेवा, उतरताना पोटऱ्यांत गोळे येतात तेव्हा कामी येते. पावसाळ्यात सॅकचं कव्हर पुरत नाही. पाणी पाठीकडून झिरपतं. सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची पिशवी घालून सगळं सामान तिच्यात भरा, आणि एक कोरडा टीशर्ट माथ्यासाठी राखून ठेवा.

माथा लहान आहे. मध्ये देवीचं छोटं देऊळ, बाजूला साखळी. हवा स्वच्छ असेल तर अलंग, मदन, कुलंग ही किल्ल्यांची रांग अगदी समोर, खाली भंडारदऱ्याचं पाणी, त्यापलीकडे रतनगड. हे दृश्य पूर्ण हवं असेल तर सप्टेंबरअखेर ते फेब्रुवारी. सोनकीची फुलं सप्टेंबरात. जुलै-ऑगस्टला वर धुकं आणि झोंबरा वारा, दहा हातांपलीकडे दिसेलच असं नाही. नवरात्रात इथे यात्रा असते. आसपासच्या गावांतल्या आयाबाया ओटी घेऊन येतात. त्या दिवसांत ट्रेक म्हणून जायचं असेल तर शिडीवर आधी त्यांना वाट द्या, आणि देवळाच्या पायरीवर बूट घालून बसू नका. डोंगर आपल्यासाठी शिखर असेल, त्यांच्यासाठी ती कळसूबाई आहे.

उतरायला अडीच-तीन तास धरा. निघण्याआधी बुटांच्या नाड्या घोट्यापाशी घट्ट करा, नाहीतर पाय पुढे सरकून नखं काळी पडतात. पाऊल लहान टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा. घसरण्याचे प्रकार बहुतेक शिड्या संपल्यानंतरच्या मातीच्या उतारावर होतात, कारण तिथे लक्ष सुटलेलं असतं. काठी सॅकवरून सोडवायची ती तिथे.