दादाचा घटस्फोट नेमका कुठे झाला?

"अगं, तुझ्या घरापासून जवळच आहे ना ते कोर्ट? तेवढा एक कागद काढून पाठव."

दादा म्हणजे माझा मामेभाऊ. त्याची सकाळ, माझी रात्र. पुण्यातून फोन करताना त्याचा चहा चाललेला असतो आणि मी इथे अमेरिकेत, इलिनॉय राज्यात, भांडी डिशवॉशरमध्ये लावत असते. अमेरिकेत बारा वर्षं काढून तो २०१४ साली परत गेला. त्याच्या आदल्या वर्षी त्याचा घटस्फोट झाला होता. आता बावन्नाव्या वर्षी तो पुन्हा लग्न करतोय. स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली नोंदणी करायची तर आधी तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि त्या अर्जात 'घटस्फोटित' लिहिलं की लगेच डिक्री, म्हणजे कोर्टाचा निकाल, मागतात. डिक्रीची फाईल बारा खोक्यांपैकी कुठल्या तरी एकात होती, आणि सामान पुण्याला पोचलं तेव्हा खोकी अकराच निघाली.

मी "हो" म्हणून बसले. एक कागद तर काढायचा. कोर्टात जायचं, नाव सांगायचं, घेऊन यायचं.

घरच्यांना वाटतं की घटस्फोट 'अमेरिकेत' झाला. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत मलाही तसंच वाटायचं. पण असा देशभराचा एकच रजिस्टर कुठे नसतोच. घटस्फोट हा राज्याचा विषय आणि कागद सांभाळणार काउंटीचं कोर्ट. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा, फक्त आकाराने बराच लहान. महाराष्ट्राला ३६ जिल्हे, तर एकट्या इलिनॉयला १०२ काउंट्या. अर्ज ज्या काउंटीत दाखल झाला तिथल्या सर्किट क्लार्ककडे, म्हणजे कोर्टाचं दप्तर सांभाळणाऱ्याकडे, फाईल असते, शेजारच्या काउंटीला तिचा पत्ता नसतो.

दादा राहायचा नेपरव्हिलला. नेपरव्हिल डुपेज काउंटीत येतं आणि डुपेजचं कोर्ट व्हीटनला आहे. सरळ हिशोब. एका गुरुवारी अर्धा दिवस रजा टाकली आणि गाडी काढली.

व्हीटनच्या कोर्टाचा पत्ता 'काउंटी फार्म रोड'. एके काळी काउंटीच्या अनाथाश्रमासारख्या गरीबघराची शेती तिथे होती, त्यावरून रस्त्याला ते नाव पडलं. पण या गावाची खरी गोष्ट आणखी जुनी आणि जास्त मजेची आहे. १८३९ मध्ये डुपेज काउंटी झाली तेव्हा मुख्य ठाणं होतं नेपरव्हिल. १८६७ साली मतदान झालं, व्हीटन अगदी थोडक्या मतांनी जिंकलं आणि ठाणं तिकडे गेलं. नेपरव्हिलवाले म्हणाले, ठाणं न्या, दप्तर देणार नाही. मग १८६८ च्या उन्हाळ्यात एका रात्री व्हीटनची मंडळी नेपरव्हिलच्या कोर्टात घुसली आणि काउंटीचं दप्तर गाड्यांवर लादून पळाली. त्यात कालपरवाच यादवी युद्धातून परतलेले शिपाईही होते. गावाला जाग आल्यामुळे काही वह्या मागे राहिल्या. पुन्हा धाड पडू नये म्हणून नेपरव्हिलवाल्यांनी त्या 'सुरक्षित' म्हणून शिकागोला हलवल्या. १८७१ च्या शिकागोच्या आगीत त्या जळून गेल्या. एका गावाने दुसऱ्या गावाचं दप्तर चोरलं आणि चोरलेलं तेवढंच वाचलं! दप्तरासाठी इतकी हाणामारी केलेल्या गावात दादाचा कागद सापडणारच, असं मला गाडी लावताना वाटलं होतं.

खिडकीमागच्या बाईंनी नाव टाकलं. नाही. मी म्हटलं, आडनाव व्हीऐवजी डब्ल्यूने बघा. आमच्या आजोळचं आडनाव 'व' ने सुरू होतं आणि घरातले निम्मे लोक ते एका तऱ्हेने लिहितात, निम्मे दुसऱ्या. तरीही नाही. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "नेपरव्हिल कुठलं? उत्तरेकडचं की दक्षिणेकडचं?"

मी राहते ऑरोरात. आमचं गाव चार काउंट्यांत पसरलंय: केन, डुपेज, केंडॉल आणि विल. दर वर्षी घरपट्टी भरताना मी काउंटीचं नाव बघते. आणि शेजारच्या नेपरव्हिलचा दक्षिणेकडचा भाग विल काउंटीत आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दादाचं घर उत्तरेला होतं हे खरं, पण वेगळं झाल्यावर वहिनीने भाड्याने घर घेतलं ते दक्षिणेला. गाव तेच, मुलाची शाळाही गावातलीच, काउंटी मात्र बदलली. नवरा-बायकोपैकी कुणी एक जिथे राहतं त्या काउंटीत अर्ज करता येतो. अर्ज वहिनीने केला होता.

वहिनीलाच का नाही विचारलं, असं तुम्ही म्हणाल. ती अजून इथेच असते. मंडळाच्या गणपतीत आम्ही दोघी एकाच ओळीत ताटं घेऊन उभ्या असतो, मोदकांवर बोलतो, पावसावर बोलतो. अकरा वर्षांत दादाचं नाव कुणी काढलेलं नाही. "वहिनी, तुमचा घटस्फोट कुठल्या काउंटीत झाला हो?" हे विचारण्यापेक्षा चाळीस मिनिटं गाडी हाणणं मला सोपं वाटलं.

पण या वेळी आधी घरी बसून ऑनलाइन शोधलं. दादाचं नाव व्हीने, डब्ल्यूने, मधलं नाव घालून, गाळून. काहीच नाही. मग आठवलं, वहिनीने पासपोर्टवर माहेरचंच नाव ठेवलं होतं. ते टाकलं आणि पहिल्या झटक्यात खटला समोर. इथे असल्या खटल्याला 'अमुक विरुद्ध तमुक' म्हणत नाहीत, 'यांच्या विवाहाच्या संदर्भात' असं शीर्षक असतं. दादाच्या खटल्याच्या क्रमांकात आधी साल, मग डी, मग आकडे. डी डायव्होर्सचा. दादाचं आडनाव वकिलाने दोन शब्दांत तोडून टाइप केलं होतं, म्हणून सापडत नव्हतं. तुमच्या कुणाचा शोध अडला असेल तर दोघांचीही नावं, माहेरची-सासरची, जितक्या स्पेलिंगने सुचतील तितक्या स्पेलिंगने टाकून बघा. आपली तीन पदरी नावं इथल्या दोन रकान्यांत कशी कोंबली जातील याचा नेम नसतो.

मधल्या काळात दादाने आपल्या डोक्याने एक जाहिरात शोधून काढली होती: 'घटस्फोटाची कागदपत्रं पाच मिनिटांत.' पैसे भरायच्या बेतात होता. या खासगी साइट फार तर अनुक्रमणिकेतली एक ओळ देतात. कोर्टाचा शिक्का त्यांच्याकडे कुठून येणार? राज्याच्या आरोग्य खात्याकडे १९६२ पासूनची घटस्फोटांची सूची आहे आणि पाच डॉलरमध्ये ते पडताळणीचं पत्र देतात. पण त्यात नावं, तारीख, काउंटी एवढंच. काउंटीच माहीत नसेल तर ते पत्र कामाचं. मी ते आधी मागवलं असतं तर व्हीटनची फेरी वाचली असती.

तशा पत्रावर पुण्यातल्या वकीलबाईंचं भागणार नव्हतं. त्यांनी दादाला सांगितलं होतं, "नुसता शेवटचा कागद नको. दोघांची हजेरी दिसली पाहिजे." याचं कारण १९९१ चा आपल्या सुप्रीम कोर्टाचा 'वाय. नरसिंह राव विरुद्ध वाय. वेंकट लक्ष्मी' या खटल्यातला निकाल. लग्न हिंदू विवाह कायद्याखाली झालं असेल आणि परदेशी कोर्टाने 'आता जुळत नाही' एवढ्यावर घटस्फोट दिला, तर आपल्याकडे तो आपोआप चालत नाही, कारण आपल्या कायद्यात ते कारणच नाही. दुसऱ्या बाजूने तिथे स्वतःहून हजर राहून संमती दिली असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे निकालाइतकंच महत्त्वाचं काय, तर दादाच्या वकिलाने दाखल केलेलं हजेरीपत्रक आणि दोघांच्या सह्यांचा करारनामा.

विल काउंटीचं कोर्ट जोलिएटला. २०२० मध्ये उघडलेली दहा मजली नवी इमारत. गावात शिरताना चुनखडीच्या भिंतींचा जुना तुरुंग आहे, २००२ पासून बंद. दरवाजात पट्टा काढा, पर्स ट्रेमध्ये ठेवा, विमानतळासारखंच सगळं. क्लार्कच्या खिडकीवर क्रमांक दिला आणि मी मनात तयारी केली: मी त्याची बहीण, त्याने मला अधिकारपत्र दिलंय, हा त्याचा ईमेल, हा माझा पासपोर्ट.

कुणी काही विचारलंच नाही.

बाई म्हणाल्या, "कुठले कागद? साधी प्रत की सर्टिफाइड?" बस. मी कोण, कशाला हवंय, नातं काय, काही नाही. कोर्टाचं दप्तर इथे सार्वजनिक. सोशल सिक्युरिटी (इथला सरकारी ओळख क्रमांक) आणि बँकेचे नंबर त्यात घालायचे नाहीत असा नियम आहे, आणि न्यायाधीशांनी एखादी फाईल बंद केली असेल तर गोष्ट निराळी. एरवी कुणीही यावं, मागावं. आपल्याकडे हिंदू विवाह कायद्याचं २२ वं कलम म्हणतं की ही सुनावणी बंद दाराआड व्हावी आणि छापूही नये. मी त्या सवयीची. सुटकेचा श्वास टाकावा की दादा-वहिनींच्या वतीने रागवावं, मला कळेना.

सगळ्या राज्यांत असं नसतं हं. न्यूयॉर्कमध्ये घटस्फोटाची फाईल शंभर वर्षं बंद, फक्त ते दोघं आणि त्यांचे वकील बघू शकतात. तिथे खटला चालतो त्या कोर्टाचं नाव 'सुप्रीम कोर्ट', जे प्रत्यक्षात खालचं कोर्ट आहे. त्यामुळे डिक्री गावी पोचली की काका-आत्या हबकतात, पोरं भांडत पार सुप्रीम कोर्टापर्यंत गेली! कॅलिफोर्नियात राज्याचा दाखला मिळतो तो १९६२ ते जून १९८४ मधल्या घटस्फोटांचाच, बाकीच्यांनी काउंटीचं सुपीरियर कोर्ट गाठायचं. टेक्सासमध्ये डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे जायचं.

निकाल आणि त्याला जोडलेला करारनामा मिळून ३४ पानं निघाली. कायद्यातले कमाल दर असे: पहिलं पान दोन डॉलर, पुढची एकोणीस पानं प्रत्येकी पन्नास सेंट, त्यापुढची पंचवीस. म्हणजे पंधरा डॉलर, सर्टिफिकेशनचे वेगळे. पोस्टानेही मागवता येतं. दोघांची नावं, क्रमांक किंवा निदान साल, शुल्काचा चेक आणि स्वतःचा पत्ता लिहून तिकीट लावलेलं पाकीट पाठवायचं. पुण्यातून डॉलरचा चेक आणि अमेरिकेचं तिकीट कुठून आणणार? म्हणून असल्या कामाला मावशी-आत्याची पोरं लागतात.

बाईंनी शेवटच्या पानावर उठावाचा शिक्का दाबला. बोट फिरवलं तर खडबडीत लागतो. डाव्या कोपऱ्यात एक जाड पिन मारली. "ही काढू नका," म्हणाल्या, "काढली तर पुढे कुणी ही प्रत धरणार नाही." रात्री दादा म्हणाला, स्कॅन करून पाठव. मी सवयीने पिन उचकटायला नखं लावलीसुद्धा होती. शेवटी पानं वाकवून वाकवून फोनने फोटो काढले.

पुढची पायरी अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून सरकार जोडतं ते प्रमाणपत्र. ते मानणाऱ्या देशांच्या करारात भारत २००५ पासून आहे, त्यामुळे वकिलातीच्या चकरा वाचतात. इलिनॉयमध्ये हे काम सेक्रेटरी ऑफ स्टेट या राज्याच्या कार्यालयाचं, आणि शुल्क दोन डॉलर. क्लार्कची सही खरी आहे, एवढंच ते प्रमाणित करतात. घरच्या झेरॉक्सवर नोटरीची सही घेऊन ती कोर्टाची प्रत म्हणून चालवता येत नाही. मी शिकागोच्या कार्यालयात स्वतः गेले. पार्किंगला दोन डॉलरच्या कितीतरी पट गेले.

फोटो काढताना मी पानं वाचणार नव्हते. पण चौतीस पानं हाताखालून जातात तेव्हा डोळे काय मिटून घेणार? घर, गाडी, मुलाच्या सुट्ट्या, कुठली दिवाळी कुणाकडे. सत्ताविसाव्या पानावर सामानाची यादी होती. सोफा, टीव्ही, दोन पलंग. आणि वहिनीच्या रकान्यात एक ओळ: 'ब्रास लेंटिल प्रेस, एक.' पितळी, डाळ दाबायचं यंत्र. मी दोनदा वाचलं. हे तर मामीचं पूरणयंत्र! तिच्या आईचं, घासून घासून पिवळंधमक झालेलं, तिने २००६ साली बॅगेत कपड्यांत गुंडाळून इथे आणलं होतं. दर होळीला मामी फोनवर विचारते, "माझं पूरणयंत्र कुठं गेलं रे?" आणि दर होळीला दादा म्हणतो, "हरवलं असेल त्या खोक्यात."

फोटो पाठवल्यावर त्याचा फोन आला. मिळालं, बरं झालं, वकीलबाई खूश होतील वगैरे झालं. मग जरा थांबून म्हणाला, "तू सगळं वाचलंस का गं?"

"सत्ताविसावं पान वाचलं," मी म्हटलं.

पलीकडे चहाचा कप ठेवल्याचा आवाज आला.

"आईला सांगू नकोस," तो म्हणाला. "तुझ्या वहिनीला पुरण चांगलं जमायचं. मीच म्हटलं होतं, राहू दे तुझ्याकडे."