मापाचा माणूस

अप्पा सरकारी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते. पूल, मोरी, बंधारा असं काही चालू असलं की त्यांच्याकडे ऑफिसचा कॅमेरा असे, आणि सुट्टीच्या दिवशी साइटवर जायचं झालं तर आम्हा भावंडांपैकी एकाला ते बरोबर नेत. आम्हाला वाटे, लाडाने नेतात. तिथे पोचल्यावर खरं काय ते कळे. "तू जरा त्या खांबापाशी जाऊन उभी राहा गं. म्हणजे अंदाज येईल."

मग मी उन्हात, खडीवर, खांबाला टेकून उभी. हलायचं नाही. हसायचं का, असं एकदा विचारलं तर म्हणाले, "हस की. तोंड दिसणारच नाहीये."

तेव्हापासून कुणाचेही जुने फोटो बघायला बसले की माझी नजर आधी कडेला जाते. मधोमध जे काही भव्य असतं ते कुठे पळून जात नाही. कडेला मात्र कुणीतरी अंदाज यावा म्हणून उभं असतं, आणि त्याला ऊन लागत असतं.

मिसिसिपीचे निळे फोटो मला असेच भेटले, रात्री पडद्यावर भलतंच काही शोधताना. एकजात निळे. आणि चौकोनी नाहीत, लंबगोल, जुन्या भिंतीवरच्या आरशासारखे. आत रुंद, गुळगुळीत नदी, बेटं, लांबवर एखादा पूल, काठाला लागलेली एखादी बोट. पहिल्यांदा वाटलं, कुणा हौशी कलावंताने निवांतपणी केलेलं काम असणार. निघाला सरकारी माणूस. तोही ड्राफ्ट्समन! मी खुर्चीत सरळच होऊन बसले.

हेन्री पीटर बॉसे. जन्म १८४४चा, प्रशियातला, म्हणजे तेव्हाच्या एका जर्मन राज्यातला. विशीत अमेरिकेला गेला आणि तिथल्या लष्कराच्या इंजिनिअर खात्यात नकाशे काढायला लागला. मिनियापोलिस ते सेंट लुईस हा मिसिसिपीचा वरचा टप्पा त्याच्या ऑफिसच्या ताब्यात होता. नदी सुधारायची होती, आणि सुधारणा चालू आहे हे वरिष्ठांना दिसायला हवं होतं. १८८३पासून पुढची सुमारे दहा वर्षं तो काचेच्या जड प्लेटा आणि तिकाटणं घेऊन टेकड्या चढत राहिला. त्या फोटोंचे अल्बम बांधले गेले. त्यातला एक त्याच्या साहेबांचा, मेजर मॅकेन्झींचा. साहेब पुढे सगळ्या इंजिनिअर खात्याचे प्रमुख झाले. अल्बममुळे नव्हे, पण अल्बमने बिघडलंही नसावं.

निळा रंग ही हौस नव्हती, ऑफिसची सोय होती. या पद्धतीला सायनोटाइप म्हणतात. जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने ती १८४२ साली शोधली. लोखंडाचे दोन क्षार पाण्यात कालवायचे, कागदावर फासायचे, अंधारात वाळवायचे. वर काचेची निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचं आणि मग साध्या पाण्यात खळबळून काढायचं. ऊन लागलं तिथे निळं, बाकीचं धुऊन पांढरं. ना चांदीचा खर्च, ना डार्करूमची फार मिजास. नकाशांच्या प्रती काढायला सगळे इंजिनिअर हेच वापरत. ब्लूप्रिंट हा शब्द तिथलाच. अप्पांच्या काळापर्यंत अमोनिया प्रिंट आले होते, म्हणजे निळ्यावर पांढऱ्या रेघांऐवजी पांढऱ्यावर निळ्या, आणि डोळ्यांत पाणी आणणारा वास. आमच्या वह्यांना त्या रद्दी प्रिंटची कव्हरं असत. भूगोलाच्या वहीवर कुठल्याशा मोरीचा आडवा छेद.

तर बॉसेने नकाशांचा कागद फोटोंना वापरला. त्या निळ्याचं रंगाऱ्यांच्या दुकानातलं नाव प्रशियन ब्लू. प्रशियातून निघालेला माणूस हजारो मैलांवर जाऊन एका परक्या नदीला आपल्या गावाकडचा रंग देतो, यात त्याचा काही बेत नसणार. मला मात्र हे कळल्यावर उगीच बरं वाटलं.

नदी काही अशी निळी नाही. सेंट लुईसच्या जरा वर मिसूरी येऊन मिळते ती गाळ घेऊनच, आणि तिथून खाली मिसिसिपी उकळलेल्या चहासारखीच दिसते. फोटोतलं आभाळही कोरं. त्या काळच्या प्लेटांना निळा उजेड फार लवकर लागे; जमीन नीट उतरेपर्यंत आभाळ पार पांढरं होऊन जाई, ढगांसकट. पाण्याचंही तेच. भिंग बारीक करून जरा जास्त वेळ उघडं ठेवलं की लाटा एकमेकींत विरतात आणि नदी तव्यासारखी सपाट दिसते. जे हललं ते पुसलं गेलं, जे थांबलं ते राहिलं. म्हणून तर बॉसेची नदी एवढी शहाण्यासारखी वाटते. प्रत्यक्षात तिच्या शहाणपणाबद्दल खात्याचं मत फारच वाईट होतं.

तक्रार अशी की ती पसरते. उन्हाळा सरताना पाणी इतकं उतरे की स्टीमर वाळूवर बसत. १८७८ साली अमेरिकेच्या काँग्रेसने ठरवलं की या टप्प्यात कायम साडेचार फूट पाणी असलं पाहिजे. कायद्याने पाण्याची खोली ठरवणं ही सरकारलाच सुचणारी गोष्ट आहे, पण त्यावर काढलेला उपाय मात्र अक्कल लावून काढलेला होता. विंग डॅम म्हणत त्याला. आपण नळीच्या तोंडावर अंगठा दाबतो तेव्हा धार कशी जोरात सुटते, तसं. काठापासून नदीत आडवे बांध घालायचे, पंखासारखे, आणि प्रवाह मधल्या अरुंद वाटेत कोंडायचा. मग नदी जोरात धावते आणि आपला तळ आपणच खरवडून खोल करते. दोन बांधांच्या मधे पाणी सुस्तावतं, गाळ बसतो, तिथे जमीन तयार होते.

आणि हे बांध कशाचे? विलोच्या काटक्यांचे. बेटांवरची झुडपं तोडायची, मोळ्या बांधायच्या, त्यांची गादी करून पाण्यात सोडायची, वर दगड टाकून बुडवायची. परत काटक्या, परत दगड. असे शेकडो बांध. हाताने.

या कामाचा बॉसेचा एक फोटो आहे. त्याखाली लिहिलंय: ‘दगड आणि काटक्यांच्या बांधाचं बांधकाम, एल. डब्ल्यू., १८९१’. एल. डब्ल्यू. म्हणजे कोण, असं मला क्षणभर वाटलं. मुकादम असेल, कंत्राटदार असेल. तर ते लो वॉटर. पाणी उतरलेलं होतं, एवढंच. फोटोत माणसं आहेत, ज्यांनी काटक्या तोडल्या, मोळ्या वाहिल्या ती. पण खाली नोंद आहे ती पाण्याच्या पातळीची. बॉसेच्या बहुतेक मथळ्यांची हीच तऱ्हा: जागा, नदीच्या वरच्या अंगाला तोंड की खालच्या, साल. मला त्याचा राग येत नाही. ड्राफ्ट्समन असंच लिहितो. पंधरा वर्षांनी कुणी येऊन विचारणार ते पाणी किती होतं हे, मोळी कुणी उचलली हे नव्हे.

अप्पांच्या सर्वेच्या गँगमध्ये स्टाफ, म्हणजे ती उंच लाल-काळ्या खुणांची पट्टी, धरून उभं राहणाऱ्या माणसाला खलाशी म्हणत. ना समुद्र, ना जहाज, तरी खलाशी. लहानपणी मला हे फार गमतीचं वाटे. खरा खलाशी मापाला उभा राहिल्याचं एक उदाहरण मला पुढे सापडलं, पण ते नाईल नदीवरचं. मॅक्झिम द्यू काँ नावाचा फ्रेंच माणूस १८४९-५०मध्ये बोटीने नाईलवर हिंडला आणि देवळांचे, मूर्तींचे फोटो काढत गेला. प्रत्येक ठिकाणी उंचीचा अंदाज यावा म्हणून बोटीवरच्या एका खलाशाला वर चढवायचा. तो हलला तर फोटो गेला. तेव्हा द्यू काँने त्याला सांगून ठेवलं की कॅमेऱ्याची ही पितळी नळी म्हणजे तोफ आहे, जरा हललास की सुटेल. बिचारा श्वास रोखून राही. ही हकिगत द्यू काँने स्वतःच लिहून ठेवली आहे, मोठ्या मजेत. पण लिहिताना त्याने खलाशाचं नावही लिहिलं: हाजी इस्माइल. फसवलं खरं, नाव मात्र ठेवलं. अप्पांनी मला तोफेची भीती कधी घातली नाही. परतताना बर्फाचा गोळा मिळेल एवढंच सांगत.

मिसिसिपीवर खूप खाली, नॅचेझ या गावात, हेन्री नॉर्मन नावाचा फोटोग्राफर साधारण त्याच काळात धंदा करत होता. त्याचे फोटो बॉसेच्या उलट. माणसांची गर्दी. धक्क्याला लागलेले स्टीमर, त्यांवर छपरापर्यंत रचलेले कापसाचे गठ्ठे. एकेक गठ्ठा सुमारे सव्वादोनशे किलोचा. तो लोटत अरुंद फळीवरून बोटीवर चढवणारे हमाल बहुतेक काळे. गुलामगिरी १८६५ साली कायद्याने गेली, गठ्ठ्याचं वजन तेवढंच राहिलं. या फोटोंत स्टीमरचं नाव दुरून वाचता यावं एवढ्या मोठ्या अक्षरात रंगवलेलं असतं. ती अक्षरं मी सहज वाचते आणि मग खालचे चेहरे बघत बसते.

मला सगळ्यात आवडतात ते शिंपल्यांचे फोटो. आयोवातलं मस्कॅटीन हे गाव एके काळी मोत्याच्या बटणांची राजधानी म्हणवून घेई. मोती कुठला, नदीतल्या शिंपल्यांची आतली चकाकी! जॉन बोपल नावाचा जर्मन कारागीर तिथे आला आणि १८९१ साली त्याने बटणं काढायला सुरुवात केली. शिंपले धरायची रीतही मजेची होती. एका दांडीला दोऱ्यांवर बोथट आकडे लटकवायचे आणि बोटीतून तळावर फरफटत न्यायचे. शिंपला तोंड उघडून प्रवाहाकडे बसलेला असतो. आकडा लागला की तो चटकन मिटतो आणि मिटला की सोडत नाही. म्हणजे त्याला कुणी धरत नसे, तोच धरून वर येई. अशी माणसं प्रत्येक घरात एक तरी असतात. वर आल्यावर वाफ देऊन उघडायचे, मांस काढायचं आणि शिंपल्यातून गोल चकत्या कापायच्या. उरलेल्या भोकाभोकांच्या शिंपल्यांचे कारखान्यांबाहेर ढीग. मग नदीतले शिंपले संपत आले, पुढे प्लॅस्टिक आलं, आणि कारखान्यांचं व्हायचं ते झालं.

बॉसे १९०३ साली गेला. त्याच्या साडेचार फुटांवर पुढे कुणाचं समाधान झालं नाही. १९०७ साली सहा फूट ठरले, १९३० साली नऊ. काटक्यांना नऊ फूट जमणारे नव्हते; वरच्या मिसिसिपीवर एकूण २९ ठिकाणी धरणं आणि बोटी वर-खाली करणारी लॉक झाली. पाणी चढलं आणि जुने विंग डॅम त्याखाली गेले. अजून आहेत. नवख्या नावाड्याच्या बोटीचा पंखा त्यांवर आपटतो तेव्हा त्याला ते कळतात. टेकडीवर उभं राहून बॉसेने जी नदी टिपली ती आता तिथे नाही, आणि ती तशी राहू नये यासाठीच त्याचं ऑफिस पगार देत होतं. फोटो काढताना त्याला हे जाणवत असेल का? लंबगोल चौकट कुठल्याही खात्याच्या नियमात बसत नसणार. अहवालाला लंबगोल कशाला लागतो? एवढ्यावरूनच मला वाटतं, नदी त्याला आवडत होती.

अल्बमही गंमतच करून राहिले. सुमारे शंभर वर्षं त्यांची कुणाला आठवण नव्हती. १९९०च्या सुमारास एक बाहेर आला, लिलावात गेला, आणि मग सगळ्यांना हा माणूस कलावंत असल्याचा शोध लागला. आणखी एक खात्याच्याच गाळ उपसणाऱ्या बोटीवर सापडला. विल्यम ए. थॉम्पसन तिचं नाव. नदीचे फोटो नदीवरच फिरत होते. अंधारात पडून राहिले हे त्यांच्या पथ्यावरच पडलं. सायनोटाइप उजेडाने फिका पडतो, पण पुन्हा अंधारात ठेवला तर त्याचा निळेपणा बराचसा परत येतो. रसायनशास्त्रात याचं साधं कारण आहे, हवेतला ऑक्सिजन. तरी वाचल्यावर मी उठून अप्पांचं कपाट उघडलं.

त्यांचे फोटो निळे नाहीत, साधे काळे-पांढरे. एका पाकिटात पुलाच्या खांबाचा मिळाला. खांबाच्या पायाशी फ्रॉकमधला एक ठिपका. मागे अप्पांचं टाकाने काढल्यासारखं सुबक अक्षर: ‘खांब क्र. ३, वरच्या अंगाकडून, पाणी उतरल्यावर.’ बस. मी भिंग शोधलं. तोंड खरंच दिसत नाही. हसले होते की नाही ते कळायला मार्ग नाही. मग पट्टी आणून मोजलं. खांब माझ्या साडेसहा पट भरला. चौथीत मी चार फूट असेन, म्हणजे खांब सव्वीस फूट. डोक्यावरच्या रिबिनी धरून की सोडून, एवढंच ठरवायचं राहिलंय.