हर्ट्झसाहेब बाई होत्या

दादांच्या एका वहीत लाल शाईने लिहिलंय : 'ए. हर्ट्झ, 1937. सिंधू व ब्राह्मी लिपींचा उगम. हर्ट्झसाहेबांचा हा लेख मिळवणे.' दादा साताऱ्याला इतिहास शिकवायचे. मोहेंजोदडोच्या मुद्रेवरचा एकशिंगी बैल ते फळ्यावर एका दमात काढत, पण त्याच्या डोक्यावरची अक्षरं आली की खडू सावकाश चालायचा. लेख काही त्यांना मिळाला नाही. गेल्या वर्षी ते गेले आणि त्यांच्या वह्या मी वॉर्साला घेऊन आले.

ऑक्टोबरात एका रात्री सहज ते नाव शोधलं. हर्ट्झसाहेब बाई होत्या! अमेलिया हर्ट्झ. आणि कुठल्या, तर याच वॉर्साच्या. सहा वर्षं मी या शहरात राहतेय, आणि दादांना हवं असलेलं माणूस इथलंच होतं हे मला ठाऊक नव्हतं. त्या रात्री झोप लागली नाही.

1870च्या दशकाअखेरीस एका ज्यू घरात त्यांचा जन्म झाला. तेव्हा वॉर्सावर रशियाच्या झारचं राज्य होतं आणि इथल्या विद्यापीठात मुलींना प्रवेश नव्हता. मारी क्युरी शिकायला पॅरिसला गेल्या त्या त्याचमुळे. अमेलियाबाईंनी बर्लिन गाठलं आणि रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. मग लिहिली काय, तर नाटकं! 'टायरचा विध्वंस' हे एक; टायर हे एक प्राचीन शहर. दुसऱ्यात त्यांनी युरोपातली ट्रिस्टनची जुनी प्रेमकथा घेतली, पण नाव दिलं त्याच्या प्रेयसीचं नाही, तर त्याने नुसतं लग्न करून बाजूला ठेवलेल्या बायकोचं : 'गोऱ्या हातांची इझोल्ड'. रामायण सोडून ऊर्मिलेकडे वळावं, तसं ते मला वाटलं.

पुढे त्या प्राचीन पूर्वेच्या अभ्यासाकडे वळल्या. इराणच्या आखाताभोवतीची संस्कृती कुठे कुठे पसरली यावर 1930 साली त्यांचं जर्मन पुस्तक निघालं आणि 1937 साली कलकत्त्याच्या 'इंडियन हिस्टॉरिकल क्वार्टर्ली'त दादांना हवा असलेला तो लेख. त्यांचं म्हणणं कितपत टिकेल हे मी सांगू शकत नाही; सिंधू लिपी आजही कुणाला नक्की वाचता आलेली नाही. पण वॉर्सात बसून एक बाई आपल्या मुद्रांवर डोळे ताणत होती. आपले पुरातत्त्वज्ञ देवदत्त भांडारकर 1911-12च्या सुमारास मोहेंजोदडोवर प्रत्यक्ष उभे राहिले होते आणि विटा पाहून त्यांनी ती जागा जेमतेम 200 वर्षांची ठरवली होती. दादा लगेच भांडारकरांची बाजू घ्यायचे : "तेव्हा कुणाला ठाऊक होतं? आणि चुकलं ते लिहून तर ठेवलं!" मीही तेच म्हणेन.

1942 साली, वॉर्सा जर्मनांच्या ताब्यात असताना, अमेलियाबाई इथल्या पाव्याक तुरुंगात मरण पावल्या. पोलिशमध्ये 'पाव्या' म्हणजे मोराची. मोरगल्लीतला तुरुंग, म्हणून पाव्याक. जर्मनांच्या काळात सुमारे 1 लाख माणसं त्यातून गेली, त्यातली सुमारे 37,000 मारली गेली. 21 ऑगस्ट 1944 ला जर्मनांनी तो सुरुंगाने उडवला. आज फाटकाचा एक खांब उरलाय. अंगणात एक एल्मचं झाड होतं, त्याच्या खोडावर लोकांनी आपापल्या माणसांच्या नावांचे पत्रे ठोकले होते. झाड रोगाने मेलं, तर त्याचं हुबेहूब कांस्याचं झाड करून त्याच जागी उभं केलं.

त्या झाडाने मला धरून ठेवलं. जवळ गेलं की सालीच्या भेगासुद्धा धातूत उतरलेल्या दिसतात. वाळलेलं झाड आपण तोडून टाकलं असतं. आपण जपत नाही, असं मनात आलं आणि लगेच रागही आला. कोल्हापूरजवळ वळिवड्याला 1943 ते 48 पाच हजार पोलिश निर्वासित माणसं राहिली, ती कोल्हापूरकरांनी सांभाळलीच ना? आणि आपल्या तर्पणात ज्यांचं कुणीच नाही त्यांनाही पाणी सोडतात.

दादांच्या वर्षश्राद्धाला मी गेले नाही. रजा नव्हती. "तिकडे राहून सगळं विसरलीस," असं काका फोनवर म्हणाले. विसरले असते तर वह्या उघडल्या असत्या का?

1 नोव्हेंबरला इथे सगळे आपल्या मृतांसाठी दिवे लावतात. काचेचे, झाकणाचे, वाऱ्यात न विझणारे. इथे त्यांना झ्निच म्हणतात. मी दोन घेतले. ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, ज्यू माणसासाठी दिवा नाही, खडा ठेवतात. म्हणून ट्रामच्या थांब्याजवळून एक करडा खडा उचलला, हातमोज्याने पुसला. त्या झाडाच्या बुंध्याशी तो खडा ठेवला आणि शेजारी दोन्ही दिवे. पहिली काडी विझली, दुसरी लागली.

आईचा व्हिडिओ कॉल चालूच होता.

"एक दादांचा. दुसरा कुणाचा गं?"

"त्यांच्या हर्ट्झसाहेबांचा."

आई जरा वेळ दिव्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "लेख मिळाला का त्यांचा?"

"लायब्ररीत अर्ज केलाय."

"आला की मला वाचून दाखव. दादांच्या फोटोसमोर."