नव्या इमारतीचं पाणी: रोजचं आणि आगीसाठी राखलेलं

घरातल्या नळाला पाणी बारीक आलं की अर्ध्या तासात प्लंबरला फोन जातो. जिन्यातली फायर लाइन, म्हणजे आग विझवायचं पाणी वर नेणारा पाइप, कोरडी पडली तर वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही. दोन्ही पाइप एकाच शाफ्टमधून वर चढतात, पण एकाची तपासणी सगळी घरं रोज करतात आणि दुसऱ्याची कुणीच करत नाही. म्हणून आगीच्या यंत्रणेतला बिघाड आपोआप नजरेत येईल अशी मांडणी करणं, हे मला पंपाच्या हॉर्सपॉवरपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

हिशेबाला १५ मजले, ६० घरं आणि मजल्याची उंची ३ मीटर धरू. घरात ५ माणसं, माणशी रोज १३५ लिटर, त्यातले ४५ फ्लशचे. एकूण ४०,५०० लिटर. एक दिवसाचा साठा जमिनीखाली आणि अर्ध्या दिवसाचा गच्चीवर ठेवला की भागतं. मात्र या आकड्यावरून पाइपचा व्यास काढू नका. पाइपला दिवसाच्या सरासरीशी काही देणंघेणं नसतं, त्याला सकाळची गर्दी सोसायची असते. सगळे नळ एकदम उघडतील असं धरलं तर पाइप अवाढव्य होतो, सरासरी धरली तर ऐन आंघोळीच्या वेळी शॉवर आटतो. या दोन्हींच्या मधला मार्ग रॉय हंटर यांनी १९४० मध्ये दिला. प्रत्येक नळाला, फ्लशला, सिंकला वजनांक द्यायचा आणि किती एकदम चालतील ते संभाव्यतेवरून काढायचं. वजनांक पुढे सुधारले गेले, पद्धत अजून तीच आहे.

आगीच्या साठ्याचा हिशेब वेगळा. होजच्या टोकाच्या २० मिलिमीटरच्या तोटीतून (नोझल) ३.५ बार दाबाला मिनिटाला सुमारे ५०० लिटर पाणी जातं. दोन नोझल ४५ मिनिटं चालवायच्या म्हटलं तर ४५,००० लिटर लागतात. म्हणजे पाऊण तासाची आग अख्ख्या इमारतीच्या दिवसभराच्या पाण्याहून जास्त पाणी पिते. नियमात याहून मोठा आकडा असेल तर अर्थातच तोच धरायचा.

हे पाणी राखायचं कसं, इथे खरी गोम आहे. फायर टाकी अगदी वेगळी बांधून भरून ठेवली तर पाणी सडतं, गाळ बसतो, आणि टाकी गळून अर्धी झाली तरी कळत नाही. त्यापेक्षा बाहेरून येणारं पाणी आधी फायर टाकीत घ्यावं. ती काठोकाठ भरली की मधल्या भिंतीच्या वरच्या खिडकीतून ते घरगुती टाकीत ओसंडावं. फायर टाकीत तूट असेल तोवर घरगुती टाकीत थेंबही पडत नाही, त्यामुळे फायर टाकी गळायला लागली की बोंब घरातूनच उठते. शिवाय पाणी रोज बदलत राहतं. पण पाणी आत येण्याची जागा आणि ओसंडायची खिडकी समोरासमोरच्या कोपऱ्यांत हवी. दोन्ही शेजारी ठेवल्या की ताजं पाणी वरच्या वर निघून जातं आणि खालचं तसंच शिळं राहतं. फायर टाकीचे दोन कप्पे करून दोन्हींना पंपाकडे पाणी नेणाऱ्या पाइपवर (सक्शन) स्वतंत्र व्हॉल्व्ह द्यावेत, म्हणजे एक धुताना दुसरा भरलेला असतो.

टंचाईत कुणीतरी फायर टाकीच्या झाकणातून सबमर्सिबल पंप सोडतोच. त्याला कुलूप पुरत नाही. पाण्याची पातळी दाखवणारा काटा प्रवेशद्वारापाशी, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लावा.

आता दाब. १० मीटर उंचीला जवळपास १ बार, म्हणजे मजल्यामागे ०.३ बार. गच्ची ४५ मीटरवर आणि टाकीचा तळ तिच्यावर २ मीटर असेल, तर सगळ्यात वरच्या घरातल्या शॉवरला जेमतेम ३ मीटरची उंची मिळते. हे ०.३ बार शॉवरचा गरम-गार मिक्सरच खाऊन टाकतो. तळमजल्याच्या नळावर उलट ४.६ बार पडतात, तिथे वॉशर फाटतात आणि फ्लशच्या टाक्या रात्रभर सुसू करत राहतात. म्हणून वरच्या तीन मजल्यांना छोटा प्रेशर पंप आणि वेगळी डाउनटेक, म्हणजे टाकीतून खाली उतरणारा पाइप. मधल्यांना थेट टाकीतून. खालच्या चार मजल्यांवर दाब ३.५ बारच्या वर जातो, त्यांच्या डाउनटेकवर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह आणि त्याच्याआधी गाळणी. गाळणी वगळली की वाळूचा एक कण व्हॉल्व्ह जिथे घट्ट बसतो त्या सीटवर अडकतो आणि रात्री वापर थांबला की दाब हळूहळू पुन्हा पूर्ण चढतो. प्रत्येक डाउनटेकच्या माथ्याला हवेची नळी टाकीच्या वरपर्यंत न्यायला विसरू नका. ती नसेल तर टाकी रिकामी होऊन भरली की लाइनमध्ये हवा अडकते आणि प्लंबर उगाच पाइप फोडत बसतो.

फायर पंपाचा हेड, म्हणजे तो पाणी किती उंच ढकलू शकतो तेही, असाच मीटरमध्ये मोजायचा. पंप तळघरात ४ मीटर खाली, शेवटचा लँडिंग व्हॉल्व्ह (मजल्यावर होज जोडायचा व्हॉल्व्ह) ४३ मीटरवर, म्हणजे उंची ४७. वाहतं पाणी असताना तिथे ३.५ बार हवेत, त्याचे ३५. घर्षणाला १०. झाले ९२, पंप ९५ मीटरचा घ्या. त्यावर आणखी वीस मीटर ‘सेफ्टी’ म्हणून चढवायची सवय अनेकांना असते, ती घातक आहे. २० मिलिमीटरची नोझल ३.५ बारला हातावर सुमारे २२ किलोचा उलटा धक्का देते. ७ बारला तो ४५ किलो होतो, आणि पाइप धरलेला माणूस जिन्यात आपटतो. आपल्या ९५ मीटरच्या पंपानेही तळमजल्यावर ९ बार येतात, त्यामुळे खालच्या सहा-सात मजल्यांवर दाब कमी करणारे लँडिंग व्हॉल्व्ह लागतातच. नकाशात ते दाखवलेले असतात, साइटवर मात्र सगळीकडे साधे लागतात, कारण दिसायला दोन्ही जवळपास सारखे.

पंपाच्या खोलीत शिरल्यावर पहिली नजर सक्शनकडे टाकावी. टाकीतलं पाणी पंपापेक्षा वर असावं, म्हणजे पंपात पाणी कायम भरलेलं राहतं. आडव्या सक्शनवरचा रिड्यूसर (मोठा पाइप लहान करणारा जोड) एका बाजूने सपाट हवा आणि सपाट बाजू वर. दोन्हीकडून निमुळता लावला तर त्याच्या माथ्यावर हवेचा बुडबुडा बसून राहतो. जॉकी पंप हा छोटा पंप, त्याचं काम फक्त लाइनचा दाब राखण्याचं. लाइन १० बारला राखली असेल तर तो ९.३ ला सुरू आणि १० ला बंद, मुख्य पंप ८ ला सुरू, डिझेल पंप ७ ला. मुख्य पंप आपोआप बंद होता कामा नये, तो माणसाने हातानेच थांबवायचा. जॉकी किती वेळा सुरू झाला हे मोजणारा आकडा पॅनेलवर लावून घ्या. खर्च नगण्य आणि गळतीची चुगली करणारं याहून स्वस्त साधन नाही. दिवसात एकदोनदा चालणारा जॉकी दर दहा मिनिटांनी चालायला लागला, तर पाणी उलटं येऊ न देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह धरत नाही, कुठे तरी गळती आहे, किंवा कुणीतरी आगीसाठीच्या होज रीलने (गुंडाळलेल्या पाइपने) गाड्या धुतोय. बहुतेक वेळा शेवटचंच.

फायर पंपाची वीज मुख्य स्विचच्या आधीच वेगळी काढा. अग्निशमनवाले आल्याआल्या इमारतीची वीज तोडतात, त्यासोबत पंप बंद पडला तर सगळंच मुसळ केरात.

स्प्रिंकलरबद्दल थोडक्यात. आग लागली की छतावरचे सगळे स्प्रिंकलर हेड (फवारे) एकदम बरसतात हे फक्त सिनेमात. ज्याच्या काचेच्या कुपीला उष्णता लागेल तोच उघडतो: लाल कुपी ६८ अंशांना, पिवळी ७९, हिरवी ९३. स्वयंपाकघरात शेगडीजवळ लाल लावू नये. रंगाऱ्याचा ब्रश कुपीवरून फिरला तर ते हेड बदलायचंच, रंग खरवडून चालत नाही.

ताबा घेताना चाचणी दोन प्रकारे करायची. आधी कामाच्या दाबाच्या दीडपट दाब दोन तास. त्याआधी रायझरच्या, म्हणजे वर चढणाऱ्या फायर पाइपच्या, माथ्यावरून हवा पूर्ण काढा, कारण दाबलेली हवा स्प्रिंगसारखी ढकलत राहते आणि छोटी गळती काट्यावर दिसतच नाही. मग गच्चीवरून दोन होज सोडून खरोखर पाणी उडवा आणि वाहत्या पाण्यातला दाब वाचा. उभ्या पाण्याला काटा ५ बार दाखवेल, मधला एखादा व्हॉल्व्ह चतकोरच उघडा असला तरी दाखवेल. नोझल उघडल्यावर तोच काटा १ बारवर कोसळतो आणि व्हॉल्व्ह कोणत्या मजल्यावर अडलाय ते शोधायला माणूस खाली धावतो. ही धावपळ ताबा घेण्याच्या दिवशीच झालेली बरी.